पाच घंटांचं घर

बुधवाऱ्यात, म्हणजे आमच्या जुन्या पेठेत, आजही कुणी सरांचा विषय काढला की घंटांचा आकडा वाढतो. कुणी बारा सांगतं, कुणी एकवीस. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तर मला, म्हणजे त्या घरात वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्यानं राहिलेल्या मला, ठासून सांगितलं की छतालासुद्धा घंटा टांगलेल्या होत्या. छताला पंखा होता, आणि तोही बहुतेक बंद. घंटा पाच होत्या, पाचही दारापाशी होत्या, आणि पाचही कामाच्या होत्या. निदान सरांच्या मते.

दूधवाल्यासाठी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ. शिकवणीच्या मुलांसाठी दाराच्या चौकटीवर ठोकलेली सायकलची घंटी. शेजाऱ्यांसाठी मागावरचा एक जुना लाकडी धोटा, दोरीला बांधलेला. तो बाजूच्या पत्र्यावर आपटायचा. आम्हा वरच्या भाडेकरूंसाठी एक जाड पितळी घंटा. तिची दोरी भिंतीतल्या भोकातून आमच्या गॅलरीत आलेली. आणि पाचवी, बटणाची विजेची घंटा. ती बाकी सगळ्या जगासाठी. विक्रेते, वर्गणीवाले, मतं मागणारे तीच दाबायचे, आणि ती वाजली की घरातलं कुणीही जागचं हलायचं नाही.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. ठेंगणे, टक्कल पडलेले, खिशात नेहमी खडूचा तुकडा. त्यांचा आवडता विषय एकच. शरीरातल्या पेशीला बाहेरून निरोप येतो तो कसा? येतो तो कोण घेतं? घेतल्यावर आत काय होतं? सर म्हणायचे, "लोक हार्मोनच्या मागे लागलेत. अरे, हार्मोन काय, पोस्टमन आहे! पोस्टमनला कोण विचारतो? दारावर घंटा कोणती आहे ते विचारा." दारावरची ती घंटा म्हणजे रिसेप्टर. ज्याची घंटा त्यालाच वाजवता येते. वाजली की बाहेरचा माणूस बाहेरच राहतो, आणि आतली धावपळ सुरू होते.

हे ते नुसतं शिकवत नव्हते, घरात पाळत होते. दूधवाल्यानं चुकून सायकलची घंटी वाजवली तर सर आतून ओरडायचे, "शिकवणी संध्याकाळी!" आणि दूध पायरीवर तापायचं. निरोप आणणाऱ्यानं उंबरा ओलांडायचा नाही, हा दुसरा नियम. आणि तिसरा नियम काकूंचा. काकू म्हणजे सरांची बायको. निरोप देऊन झाला तरी दारात रेंगाळणाऱ्या माणसाची त्यांना चीड. बोलणं संपलं रे संपलं की त्या झाडू घेऊन बाहेर यायच्या आणि पायरी झाडायला लागायच्या. समोरच्याचे पाय आपोआप उचलले जायचे.

"बघा," सर मुलांना सांगायचे, "निरोप्याला लगेच झाडून काढलं नाही तर तो घंटा वाजवतच राहील. मग आतल्यांना नवा निरोप कुठला अन् जुना कुठला, कळणार कसं? शरीरातही असा झाडू आहे."

काकू बाहेरूनच म्हणायच्या, "अहो, तुमच्या घरात माणसं राहतात का पेशी, ते एकदा ठरवा. त्या हिशोबानं भाजी आणते."

सर खोटं बोलायचे नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. एका मुलानं विचारलं की सर, सगळेच निरोपे दारात थांबतात का? सरांनी लगेच मान हलवली. "नाही. काही असे असतात की भिंतीतून विरघळून थेट आत जातात. त्यांचे रिसेप्टर आत असतात." मग थोडं थांबून, "आमचे जावई तसे आहेत."

तेव्हा फोन नवे होते. गल्लीच्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवायला लागल्या होत्या, पण फोन एकट्या सरांकडे. त्यामुळे निम्म्या गल्लीनं आपापल्या नातेवाइकांना सरांचा नंबर देऊन ठेवलेला. भुसावळहून, खंडव्याहून, सुरतेहून फोन यायचे: जरा शेजारच्यांना बोलवा. सर बोलवायचे नाहीत. निरोप घ्यायचे आणि फोन ठेवायचे. मग मागच्या खिडकीपाशी जाऊन काकूंना एक टाळी. काकू खिडकीतून शेजारच्या भाभींना हाक मारणार, भाभी त्यांच्या सासऱ्यांना, सासरे माग बंद करून गल्लीतल्या चहावाल्याला. एका फोनवर चार मिनिटांत सारी गल्ली हलायची. "एक रेणू बाहेर," सर खुशीत म्हणायचे, "आत हजार!"

एकदा निरोप आला की केळीचा भाव चढलाय. बहादरपूरच्या एका बागायतदाराचे मेहुणे आमच्या गल्लीत राहायचे, त्यांच्यासाठी होता. त्यांच्याकडे त्या दिवशी मावा जिलबी आली. कोपऱ्यावरच्या केळीच्या गाडीवाल्यानं तोच निरोप ऐकून कपाळाला हात लावला. सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात हेच सांगितलं म्हणे. निरोप एकच, हृदयात गेला तर धडधड वाढवतो, आतड्यात गेला तर काम थांबवतो. घडायचं ते घेणाऱ्यावर. मुलं प्राणिशास्त्राबरोबर केळीचा भावही शिकायची.

आणखी एक. शिकवणीतल्या पोरांना सायकलची घंटी वाजवायचा नाद लागला. येता वाजव, जाता वाजव. सरांनी एक दिवस पान्यानं ती खोलली आणि आत कपाटात ठेवून दिली. पोरं दारात उभी, वाजवायला काही नाही. "सतत वाजवलं की पेशी रिसेप्टर आत ओढून घेते," सर खिडकीतून म्हणाले. "सोमवारी परत लावतो."

"अन् मी एवढी वर्षं बोलतेय," काकू म्हणाल्या, "तर तुमचे कान कधीचे आत गेलेत. ते कोणत्या सोमवारी लावणार?"

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. सरांनी माझ्या नवऱ्याला नोकरी विचारली नाही, आम्हाला जात विचारली नाही. मला गॅलरीत नेलं, दोरी हातात दिली आणि म्हणाले, "ओढा." मी ओढली. खाली घंटा दणकून वाजली. "ठीक. पाण्याची मोटर खाली आहे, टाकी वर. टाकी रिकामी झाली की तीनदा ओढायचं. भरली की एकदा. हाक मारायची नाही, मला ऐकू येत नाही." त्यांना उत्तम ऐकू यायचं.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले होते. कायम व्हायचं होतं, वर्षभराची मुदत होती. त्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर मला ते सुरू झालं, ज्याला कितीतरी दिवस नावच नव्हतं. सकाळी मी ठणठणीत. दुपारनंतर पापण्या खाली यायला लागायच्या. झोप येत नसायची, पापण्याच यायच्या. शेवटच्या तासाला फळ्यावर मीच लिहिलेल्या एका सातचे मला दोन सात दिसायचे. संध्याकाळी दोरीवर साडी टाकताना हात वर जायचा आणि मध्येच खाली यायचा. भाकरीचा पहिला घास चावता यायचा, दहावा नाही. दुखत काहीच नव्हतं. थोडं पडलं की पुन्हा सगळं जागेवर.

त्याच सुमारास सासूबाई जसोंडीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या. एका डोळ्याला हिरवी पट्टी. पण उरलेला डोळा दोघांचं काम करत होता. त्यांनी माझं वेळापत्रक बरोबर टिपलं.

"सकाळी शाळेत जायाले हरणीसारखी," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् चुलीची वेळ झाली का डोळे मिटते. असा कोणता आजार असते रे बाप्पा, ज्याले घड्याळ समजते?"

त्यांचं चुकत होतं असं तरी कसं म्हणू? बाहेरून ते तसंच दिसत होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, मग लोहाची इंजेक्शनं दिली, मग म्हणाले, लग्न नवीन आहे, होतं असं. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं की शेवटच्या तासाला तुम्ही वर्गात डुलक्या घेता अशी तक्रार आहे. असं चाललं तर मला कायम करता येणार नाही. घरी सासूबाईंनी निकालच दिला: दिवाळी झाली का नोकरी सोड, गावाले चल, शेणाचे दोन पो टाकले का सारं नाटक उतरते. नवरा माझ्या बाजूचा होता, पण कशाच्या बाजूचा, ते त्याला सांगता येत नव्हतं. मलाही नाही. रोज संध्याकाळी मला वाटायचं, खरंच मी कामचुकार असेन का?

एका संध्याकाळी टाकी रिकामी झाली आणि मी दोरी ओढली. मोटर सुरू झाली नाही. त्याऐवजी जिन्यावर पावलं वाजली. सर वर आले. भाडं वाढवतानासुद्धा ते कधी वर आले नव्हते.

"आता कशी ओढली?"

"नेहमीसारखी, सर. तीनदा."

"तीन नाही आल्या. एक आली. दुसरी अर्धी. तिसरी आलीच नाही." ते खिशातला खडू बोटांत फिरवायला लागले. "रोज संध्याकाळी हेच. सकाळी तिन्ही सारख्या. आणि थोड्या वेळानं परत ओढली तर पहिली पुन्हा जोरात. हात दुखतो?"

"नाही."

"ओढायचं मनात असतं?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, मी पूर्ण जोर लावते."

सरांचा चेहरा एकदम उजळला. दुसऱ्याच्या आजारावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही. "मग तुम्ही ओढताय! निरोप निघतोय! हे मी बघितलंय. प्रयोगशाळेत, काजळी लावलेल्या कागदावर उमटताना बघितलंय. तुम्ही हुबेहूब बेडकासारख्या ओढता!"

आतून सासूबाई तरातरा बाहेर आल्या. "ओ मास्तर! माह्या सुनेले बेडूक म्हणता? मी बोलली तं बोलली, मी घरची आहे."

सरांनी हात जोडले, पण थांबले नाहीत. बेडकाच्या पायाला एक विशिष्ट विष दिलं की शीर, म्हणजे मज्जातंतू, शाबूत असते, स्नायू शाबूत असतो, पण मधल्या घंटा बंद पडतात. पाय एकदा उडतो, मग कमी, मग नाही. त्यांनी मला खोलीत नेऊन छताच्या बंद पंख्याकडे नजर न हलवता बघायला सांगितलं. जरा वेळानं माझ्या पापण्या उतरल्या. मग त्यांनी सासूबाईंनाही तेच करायला लावलं. सासूबाई एका डोळ्यानं पंख्याकडे बघत राहिल्या ते बघतच राहिल्या. सर "पुरे, पुरे" म्हणाले तरी हटेनात. शेवटी म्हणाल्या, "पंख्याले धूळ किती बसली हाये!"

"आजाराचं नाव मी सांगणार नाही," सर म्हणाले. "मी बेडकांचा माणूस. पण उद्या डॉक्टरकडे मी येणार."

नेलं ते त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे. सर पितळी घंटा भिंतीवरून काढून, दोरीसकट पिशवीत घालून घेऊन आले होते. दवाखाना भरलेला. डॉक्टर सरांना बघून खुर्चीतून उठले ते सर "बस" म्हणेपर्यंत उभेच. सरांनी घंटा खिडकीच्या गजाला बांधली आणि दोरी माझ्या हातात दिली. दिवसभर शिकवून मी थकले होतेच.

"सर, तपासायला टेबल आहे," डॉक्टर हळूच म्हणाले.

"डोळे मीट. कानानं तपास."

मी ओढत गेले. ठण्ण. ठण. ठ. मग नुसती दोरी हलली. बाहेरचे पेशंट दारात जमले होते, त्यातली एक बाई म्हणाली, "कोई पूजा चल रही है क्या?" डॉक्टरांनी मात्र डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यांनी मला दोन मिनिटं बसवलं, पुन्हा ओढायला लावलं. पुन्हा पहिली खणखणीत. त्यांनी तिथूनच इंदूरला फोन लावला.

इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात मला एक इंजेक्शन दिलं. माझा नवरा समोर बसला होता. पंधराएक मिनिटं गेली असतील. तो एकाएकी म्हणाला, "अगं, तुझे डोळे केवढे मोठे आहेत!" पापण्या वर गेल्या होत्या. खिडकीबाहेरच्या पाटीवरचे आकडे, कितीतरी दिवसांनी, जेवढे होते तेवढेच दिसत होते. तासा-दोन तासांनी त्या पुन्हा उतरल्या, पण आता सगळ्यांना ठाऊक होतं की हे नाटक नाही. आजाराचं नाव लांबलचक होतं. गोळ्या मिळाल्या, पुढचे उपचार ठरले.

परत आल्यावर सासूबाईंना समजावणं उरलं होतं. सरांनी त्यांना खाली दारात उभं केलं.

"शीर म्हणजे हा बाहेरचा माणूस. स्नायू म्हणजे हे घर. माणूस येतो, घंटा वाजवतो, घर हलतं. सुनेच्या शरीरात माणूस वेळेवर येतो. पण घरचाच गुरखा येडा झालाय, तो आपल्याच घंटा मोडतो. शंभर हव्यात तिथे थोड्याच उरल्यात."

सासूबाईंनी पाचही घंटांकडे पाहिलं. "मंग नव्या लावा."

"त्या विकत मिळत नाहीत."

"मंग गोळीनं काय होते?"

सर वळले, आणि पायरी झाडत असलेल्या काकूंच्या हातातला झाडू काढून घेतला. "हे होतं. निरोप्याला लगेच कुणी हाकलत नाही. तो दारात जास्त वेळ थांबतो, असेल ती घंटा पुन्हा पुन्हा वाजवतो. घर हलतं."

"गोळी उतरली का झाडू परत?"

"परत. म्हणून वेळेवर घ्यायची. आणि जास्तही घ्यायची नाही. सगळेच निरोपे दारात जमले तर त्याचाही गोंधळ होतो."

काकू म्हणाल्या, "बरं, आता झाडू द्या. मला खरंच झाडायचंय."

शाळेत डॉक्टरांनी सांगितल्यावर माझे तास सकाळी आले. सरही मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आले आणि गणित सकाळीच का शिकवावं, मुलींचेही रिसेप्टर तेव्हा ताजे असतात, असं सांगून आले. याला शास्त्रात काही आधार नव्हता, पण बाईंना पटलं. वर्षाअखेरीस मी कायम झाले. आजार गेला नाही. काही महिने वाईटही गेले. आजतागायत गोळी चालू आहे, आणि घेताना अजून मनात येतं, काकूंच्या हातातला झाडू काढला.

सासूबाई दिवाळीआधीच जसोंडीला परतल्या, एकट्याच. तिथे त्यांनी माझा आजार घरोघर समजावला म्हणतात, घंटा, गुरखा, झाडू, सगळ्यासकट. संक्रांतीनंतर एका दुपारी त्या न कळवता आल्या, डोक्यावर केळीचा अख्खा घड. एवढ्या घंटांतली आपली कुठली, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. जगासाठीची घंटा वाजली, जिला त्या घरात कुणी हलत नसे. दोनदा, तीनदा वाजली.

दार सरांनी उघडलं. त्यांनी घड उतरवून घेतला आणि सासूबाईंना म्हणाले, "आत या." उंबऱ्याच्या आत. काकू झाडू घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी एकवार सरांकडे पाहिलं आणि झाडू दाराआड टेकवून ठेवला.

मला हे वर काहीच ठाऊक नव्हतं. मी शाळेतून आले होते, चारची गोळी घेतली होती, संध्याकाळी टाकी रिकामी झाली म्हणून दोरी ओढली. खाली काय झालं ते काकूंनी नंतर सांगितलं. पहिली वाजली तशी सर मोटरकडे जायला उठले, तर सासूबाईंनी हात आडवा धरला. "थांबा. ऐकू द्या." दुसरी वाजली. त्या उठून उभ्या राहिल्या. तिसरी वाजली तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन मोटरचं बटण खाली केलं.

"तिन्ही सारख्या आल्या," त्या काकूंना म्हणाल्या. "माह्यी सून हाये वर."